कांद्याची निर्यातबंदी निवडणुकीमुळेच येते का? खळ्यावरून दिलेलं उत्तर

अर्थशास्त्रात एमए करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : आंतरराष्ट्रीय व्यापारात राजकारण बाजाराला घडवतं आणि बाजार राजकारणाला, असं आम्ही शिकतो. प्रत्यक्ष व्यवहारात हे कसं दिसतं? आणि कांद्याची निर्यातबंदी निवडणुकीमुळेच येते का?

मी २७ वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांदा खरेदी करतो आणि बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबईला पाठवतो. म्हणून उत्तर कांद्यावरूनच देतो. दुसरा प्रश्न आधी घेतो. निवडणुकीचा हात असतो, पण लोक समजतात तसा तो एकाच बाजूला ओढत नाही. २०२४ च्या एकाच लोकसभा निवडणुकीच्या धास्तीनं बंदी टिकली आणि त्याच निवडणुकीच्या मधोमध ती उठली. हे कसं झालं ते समजलं की तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर मिळेल.

आधी कांद्याचं वर्ष समजून घ्या. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा म्हणजे देशाच्या उत्पादनाचा साधारण सत्तर टक्के. टिकाऊ तोच. तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला जातो आणि ऑक्टोबरपर्यंत त्यावर देश चालवायचा असतो. मग खरिपाचा लाल कांदा येतो, त्यामागून रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा. हे दोन्ही साठवता येत नाहीत. काढले की विकावेच लागतात. चाळीतल्या कांद्याचंही वजन घटतं, कोंब फुटतात, सड लागते. पाच-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल हातचा जातो. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरला जुना माल संपत आलेला असतो आणि नवा पावसाच्या भरवशावर असतो. सरकारला धास्ती असते ती याच दोन-तीन महिन्यांची, आणि चाळ भरून ठेवलेल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळायची आशा असते तीही याच दोन-तीन महिन्यांची. भांडण तिथे आहे.

आता २०२३. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके पडले की राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं. पुढे ऑगस्ट आला तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. भाव हलायला लागले आणि १९ ऑगस्टला केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. शेतकऱ्यांचा राग शमवायला नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांमार्फत २,४१० रुपये क्विंटलनं दोन लाख टन खरेदीची घोषणा झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावानं माल बाहेर पाठवायचा नाही. आणि ७ डिसेंबरच्या रात्री विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली : निर्यात बंद.

तारीख नीट बघा. मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणचे निकाल ३ डिसेंबरला लागून गेले होते. म्हणजे ही बंदी त्या मतदानासाठी नव्हती. लोकसभा चार महिन्यांवर होती, आणि दुष्काळी वर्षात खरिपाचा माल किती येईल याची खात्री दिल्लीत कुणालाच नव्हती. टंचाईची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाला शंका आली की दार पूर्ण लावून घ्यायची सवय आहे, त्याच्या घरी पाहुणा परत येत नाही, आणि व्यापारात तर मुळीच येत नाही.

त्या रात्री माझे सात कंटेनर वाटेत होते. तीन बंदरावर कस्टमच्या ताब्यात गेले होते, ते नियमानुसार सुटले. चार कसाऱ्याच्या पुढे गेलेले, ते फिरवून परत आणले. ५५ मिलिमीटरच्या वरचा निवडलेला माल, परदेशी गोण्यांत भरलेला. तो पुन्हा उघडून स्थानिक गोण्यांत भरला आणि उत्तरेच्या बाजारात पाठवला. निवड, भराई, वाहतूक सगळं अंगावर. पण माझं नुकसान मोजता येण्यासारखं होतं. नाशिकच्या लासलगाव बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास असलेला लाल कांद्याचा सरासरी भाव काही आठवड्यांत दोन हजारांच्या खाली आला. लाल कांदा चाळीत ठेवता येत नाही, म्हणून त्या शेतकऱ्याला थांबणंही शक्य नव्हतं. निफाड तालुक्यातले एक आप्पा तेव्हा ट्रॅक्टर घेऊन लिलावाला उभे होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘शेठ, काल जे पाऊस-पाणी होतं तेच आज आहे, माल तोच आहे, मग रात्रीत काय झालं?’ तुमच्या विषयातला मूळ प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

रात्रीत झालं ते असं. देशात कांदा विकत घेणारी घरं कोट्यवधी आहेत आणि त्यांना भाव रोज दिसतो. शेतकरी मात्र नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, धुळे अशा मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेला. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन जेमतेम ०.६४ टक्के होतं. हे ऐकून वाटतं की एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला धावपळ. पण भाव दुप्पट-तिप्पट होतात तेव्हा एवढं वजनही महागाईचा आकडा हलवतं, त्या आकड्यावर रिझर्व्ह बँकेचं व्याजदराचं धोरण बांधलेलं असतं आणि रोखे बाजारातले परदेशी गुंतवणूकदारही त्याकडेच बघत असतात. शिवाय राजकारण्यांची स्मृती. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली विधानसभेत भाजपची सत्ता गेली, त्या वेळी कांद्याचा भाव हा प्रचाराचा मुद्दा होता. ती गोष्ट आजही कुठल्याही पक्षाचा माणूस विसरलेला नाही. बाजारानं एकदा सरकार पाडलं ही समजूत पंचवीस वर्षं धोरण चालवते, मग त्या पराभवाला इतर कितीही कारणं असोत.

आता त्याच निवडणुकीची दुसरी बाजू. मार्च २०२४ मध्ये बंदीची मुदत संपणार होती, ती पुढील आदेशापर्यंत वाढवली. मग एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यात परवानगी मिळाली आणि आमच्याकडे संताप उसळला. दोन दिवसांत केंद्राला सांगावं लागलं की सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी दिलेलीच आहे आणि त्यातला बहुतांश माल महाराष्ट्राचाच आहे. तरी राग गेला नाही. ४ मे रोजी, म्हणजे मतदानाचे टप्पे चालू असताना, बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीत मतदान २० मेला होतं.

पण उठली कशी तेही पाहा. टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०, एकूण ७७० डॉलर. त्या वेळच्या दरानं किलोला ६४ रुपये, तेही माल भारताच्या बंदरावर असताना. आमच्या बाजारात तेव्हा उन्हाळ कांदा १५ ते २० रुपयांना मिळत होता. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा छातीएवढा. शेतकऱ्याला हे कळत नाही असं समजणं चूक होतं. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार हरल्या, नाशिकचीही जागा महायुतीच्या हातून गेली. निकालानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी कांद्याचा फटका बसल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

त्यानंतरची तारीख माझ्या मते तुमच्या अभ्यासासाठी सगळ्यांत मोलाची आहे : १३ सप्टेंबर २०२४. त्या एका दिवशी कांद्याचं किमान निर्यात मूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. त्याच दिवशी बासमतीवरचं ९५० डॉलरचं किमान मूल्य काढलं. त्याच दिवशी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. हरियाणात मतदान तीन आठवड्यांवर होतं, महाराष्ट्राचं दोन महिन्यांवर. बासमती हरियाणाचा, कांदा नाशिकचा, सोयाबीन मराठवाडा-विदर्भाचं. आणि शहरांत कांदा तेव्हा स्वस्त नव्हता. केंद्र सरकार स्वतः त्याच महिन्यात दिल्लीत ३५ रुपये किलोनं तो विकत होतं. आधीच्या सवयीप्रमाणे भाव चढा असताना बंधनं घट्ट व्हायला हवी होती, ती सैल झाली. कारण मे महिन्यात गावानं बोलून दाखवलं होतं.

या तिन्हींपैकी सोयाबीनचं पुढे काय झालं ते जरूर पाहा, कारण तिथे राजकारणाचा हात तोकडा पडला. तेलाच्या आयातीवर शुल्क वाढलं की सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाला पोहोचेल अशी आशा होती. तेल महागलं, सोयाबीन हललं नाही. सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ टक्के. उरते ती पेंड. पेंडीचा भाव जागतिक बाजार ठरवतो, आणि तिथे ब्राझील-अमेरिकेच्या मालाचा पूर होता. देशातही इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात येऊन बसला होता. गिऱ्हाइकाला तेल महाग पडलं आणि लातूरच्या शेतकऱ्याला हमीभावही मिळाला नाही. पुढे ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं ते शुल्क अर्ध्यावर आणलं गेलं. आणि तरीही विधानसभेत सोयाबीनच्या पट्ट्यात महायुतीला मोठं यश मिळालं. तेव्हा भावावरून थेट मतांचं गणित मांडू नका. माणूस मत देताना बाजारभावाची पावती एकटीच हातात धरत नाही.

इथवरची गोष्ट देशातली. आता सीमेपलीकडची, जिची मला जास्त काळजी वाटते.

बांगलादेश हा वर्षानुवर्षं आमचा सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक होता. नाशिकहून ट्रक पश्चिम बंगालमध्ये जातात, पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूरच्या नाक्यांवरून पलीकडे उतरतात. कधी रेल्वेचे रेकही जातात. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण एकाएकी निर्यात बंद केली. चारच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आधी कळवलं असतं तर दुसरीकडून व्यवस्था केली असती, असं त्यांनी भर सभेत हसत सांगितलं. सगळे हसले, पण ती तक्रार होती. त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला २०० टाक्यांच्या पुढे गेला आणि त्यांना विमानानं कांदा आणावा लागला. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला आपण पुन्हा तेच केलं. योगायोग असा की त्याच दिवशी लोकसभेत कृषी विधेयकं मांडली गेली, ज्यांत कांदा-बटाट्यावरच्या साठामर्यादा असाधारण परिस्थितीशिवाय येणार नाहीत, शेतकरी हवा तिथे विकेल, असं म्हटलं होतं. त्या दिवशी आमच्या खळ्यावर टीव्हीवर ती चर्चा चालू होती आणि फोनवर बंदीची बातमी आली.

दोन वर्षांत दोनदा अंधारात ठेवलेल्या शेजाऱ्यानं काय केलं? जे कुणीही शहाणा करेल ते. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान, चीनकडे वाटा शोधल्या. स्वतःचं उत्पादन वाढवलं, ते आता तीस लाख टनांच्या पुढे गेलं आहे. त्यांचा उन्हाळी हंगामाचा प्रश्न होता, त्यासाठी शेतकऱ्यांना सरकारी मदतीतून बियाणं वाटलं, आणि त्यातलं एक वाण आहे नाशिक-५३. आपल्याच मातीत निघालेलं बी त्यांनी आपल्यापासून सुटण्यासाठी लावलं. यात त्यांचा दोष नाही. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांच्या नव्या पिकाला भाव मिळावा म्हणून त्यांनी आयात परवाने थांबवले आणि जूनमध्ये भाव भडकल्यावर पुन्हा सोडले. म्हणजे त्यांच्याकडेही आता कांद्याचा शेतकरी हा राजकीय घटक झाला आहे. आपल्या राजकारणानं त्यांचा बाजार बदलला, त्या बाजारानं त्यांचं राजकारण बदललं, आणि ते राजकारण आता पेट्रापोलच्या नाक्यावर माझा ट्रक थांबवतं.

देशाची कांदा निर्यात २०२२-२३ मध्ये २५ लाख टनांच्या वर होती. २०२३-२४ मध्ये ती १७ लाखांवर आली. बंदी, मूल्य, शुल्क सगळं उठल्यावर ती आपोआप परत २५ वर जाईल असं कागदावर वाटतं. शेवटचं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला निघालं. पण सीमेपलीकडच्या, बांगलादेशातल्या भोमऱ्याच्या माझ्या जुन्या खरेदीदारानं दार उघडल्यावर मला जी ऑर्डर दिली ती पूर्वीच्या निम्मी होती. उरलेली निम्मी त्यानं दुसरीकडे दिली होती. माझा माल त्यांच्यापेक्षा चांगला आहे हे तो स्वतः म्हणतो. त्याला भरवसा मालाचा आहे, आमच्या दाराचा नाही. दुबईतले व्यापारी आणि कोलंबोतले आयातदारही हेच करतात. बंदीच्या काळात पाकिस्तानचा कांदा तिथल्या बाजारात भरपूर पोहोचला. आणि एकदा दुकानदाराला नव्या गोणीची सवय झाली की जुनी गोणी स्वस्तात द्यावी लागते. तो फरक शेवटी निफाडच्या आप्पांच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापला जातो.

हे जगात पहिल्यांदा घडलेलं नाही. २७ जून १९७३ ला अमेरिकेत निक्सन सरकारनं सोयाबीनची निर्यात रोखली. पेरू देशाच्या किनाऱ्यावर पशुखाद्यात जाणारी मासळी हटली होती, त्यामुळे पशुखाद्य महागलं होतं, मांसाच्या भावानं अमेरिकी गिऱ्हाईक चिडलं होतं. बंधनं काही महिन्यांतच उठली. पण जपानचं बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून येत होतं आणि जपाननं तो धक्का मनात ठेवला. १९७९ पासून जपाननं ब्राझीलच्या सेऱ्हादो पठारावर शेती उभी करण्याच्या मोठ्या प्रकल्पात पैसा आणि तंत्रज्ञान घातलं. आज जगातला सगळ्यांत मोठा सोयाबीन निर्यातदार ब्राझील आहे. त्याला ब्राझीलच्या शास्त्रज्ञांचं काम आणि चीनची मागणी ही मोठी कारणं आहेत, पण सुरुवातीच्या धक्क्यांपैकी एक ती काही महिन्यांची बंदी होती. आणि २०१८ मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा चीनला वळायला ब्राझील तयार होता.

तुम्ही विचाराल की आंतरराष्ट्रीय नियम नाहीत का. आहेत. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या अकराव्या कलमात निर्यातीवर संख्यात्मक बंदी घालायला मनाई आहे, पण अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालते. शुल्क लावायला तर त्यात अडसरच नाही. आयात करणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा आणि आगाऊ कळवा, असं जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात लिहिलं आहे. पण रात्री निघणाऱ्या अधिसूचनेला त्याची आठवण कुणी करून देत नाही. जागतिक व्यापाराचे नियम माल विकणाऱ्या देशांनी दुसऱ्याचं दार उघडायला बनवले. स्वतःचं दार लावण्याबद्दल त्यात फार थोडं आहे.

बंधनांच्या तीन प्रकारांत फरक मात्र आहे, आणि वर्तमानपत्रं तो करत नाहीत. शुल्क लावलं तर मी हिशेब करू शकतो : माल घ्यायचा भाव कमी करतो, विकायचा थोडा वाढवतो, धंदा चालू राहतो, सरकारला महसूलही मिळतो. किमान मूल्यात व्यवहार बिघडतो. ८०० डॉलर म्हणजे तेव्हा किलोला साधारण ६७ रुपये. गिऱ्हाईक तेवढे द्यायला तयार नसेल तर कागदावर ८०० आणि आतून कमी, हा मोह तयार होतो, आणि सरळ माणूस बाजूला पडतो. पूर्ण बंदीत तर परवानगीच सोन्याची होते. आतला भाव आणि बाहेरचा भाव यांत दरी पडते, ती दरी ज्याच्या हातात परवाना त्याची कमाई. कांदा टोमॅटोच्या नावावर पाठवतानाही लोक पकडले गेले. मला निवडायला सांगितलं तर मी आधीपासून जाहीर केलेलं शुल्क निवडेन : लासलगावचा सरासरी भाव अमुक रकमेच्या वर गेला तर इतके टक्के, त्याखाली आला की आपोआप शून्य. शहरातल्या गिऱ्हाइकालाही आधार आणि भोमऱ्याच्या खरेदीदारालाही अंदाज. कुठल्याच पक्षाला हे पटत नाही, कारण असा नियम आला की घोषणा करायला काही उरत नाही. तरी मी जिथे बोलायला मिळतं तिथे हे मांडतो.

अभ्यासासाठी एक काम सुचवतो. लासलगावचे रोजचे भाव बाजार समितीकडे मिळतात. २०१९ ते २०२५ चे घ्या. त्यावर महासंचालनालयाच्या आणि अर्थ खात्याच्या अधिसूचनांच्या तारखा मांडा आणि मतदानाच्या तारखाही. मग अधिसूचनेच्या आधीचे आठ-दहा दिवस बारकाईनं बघा. आवक घटलेली नसतानाही कधी कधी भाव आधीच मऊ झालेला दिसेल. त्या दिवसांत आम्ही व्यापारी दिल्लीचा अंदाज घेऊन हात आखडता घेतलेला असतो. अधिसूचना निघाली नाही तरी आप्पांना तेवढा भाव कमी मिळालेला असतो, आणि त्याची नोंद कुठल्याच धोरणाच्या खर्चात होत नाही. ती तुम्ही करा.